लिथारीच्या दारामागचा सैतान

थेमिस्तोक्लीस व्हामवाकास मेलबर्नहून कायमचा परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर लोखंडी ट्रंका, सॉक्रेटिस नावाचा भुंकणारा कुत्रा आणि प्लास्टरची अथेना देवी अशी वरात बोटीतून उतरली. देवी त्याने घराच्या फाटकाशी उभी केली. ओतणाऱ्याचा हात हलला असावा, कारण ती एका डोळ्याने रस्त्याकडे आणि दुसऱ्याने शेजाऱ्याच्या विहिरीकडे बघायची. थेमिस्तोक्लीस जन्मला आमच्याच लिथारीत, पण आईच्या कडेवर बसून जो गेला तो पन्नाशी उलटल्यावर उगवला, आणि आल्या आल्या ग्रीक माणसाने कसं असावं हे आम्हाला शिकवायला लागला.

तिकडे तो मासे तळायचा. त्यात कमीपणा काही नाही, प्रभूचे शिष्यदेखील मासेच पकडत होते. पण तळणीचा वास जावा म्हणून माणसाने अंगाला प्राचीन अथेन्सचा पेरिक्लीस चोपडायचा, हे काही बरं नव्हे. कॉफीच्या दुकानात शिरला की हात वर करून "खैरे" म्हणायचा. हा नमस्कार ज्यांना कळला असता ते लोक मरून दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. दुकानातले म्हातारे माना डोलवायचे आणि पत्ते वाटायला लागायचे.

"तुम्ही लोक आपले पूर्वज विसरलात," तो म्हणायचा. "तुमच्या रक्तात तत्त्वज्ञान आहे, आणि तुम्ही पत्ते कुटताय."

"रक्तात साखर आहे म्हणतो डॉक्टर," एकदा ख्रिसांथोस पाववाला म्हणाला. "तत्त्वज्ञानाचं काही बोलला नाही."

ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. गावात कोणी अंडंसुद्धा फोडत नव्हतं, आणि हा गृहस्थ अंगणात, अगदी त्या तिरळ्या देवीच्या पायाशी बसून, सॉसेज भाजायचा. वास गल्लीभर. शेजारच्या झाबेताकाकूने खिडकीतून विचारलं, "थेमिस, बाळा, आज उपासातला बुधवार ना?"

"काकू, प्लेटोने कधी उपास केला होता?"

"म्हणून मेला ना तो," काकू म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

असा माणूस चर्चच्या पंचांत कसा बसला, असं कोणी विचारेल. त्याने कर्णा दिला. घंटाघरावर बसवायचा भलामोठा पत्र्याचा कर्णा, खाली मायक्रोफोन. फुकट मिळालेल्या वस्तूपुढे आमचं पंचमंडळ लोण्यासारखं वितळतं. मी चर्चमध्ये डाव्या बाजूला उभा राहून स्तोत्रं म्हणतो, त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही. मत उजव्या बाजूच्या गायकाला विचारतात. उजवीकडे एफ्थिमिओस मास्तर. त्यांना कर्णा फार आवडला. आपला आवाज आता समुद्रापलीकडे जाणार म्हणाले. देवाला ऐकू यायला कर्णा कधी लागला होता, हे मी विचारलं नाही.

आता मोठ्या शुक्रवारची, म्हणजे प्रभूला क्रूसावर दिलं त्या दिवसाची, गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथेच घडलं. त्या संध्याकाळी प्रभूची फुलांनी मढवलेली तिरडी गावातून फिरते. आम्ही मागून विलापाची स्तोत्रं म्हणत चालतो, बायाबापड्या आपापल्या उंबऱ्यावर धूप घेऊन उभ्या असतात, आणि ती चाल अशी आहे की माझ्यासारखं जुनं खोडदेखील दरवर्षी एखादी ओळ चुकतं. आई मेलेल्या मुलाला काय म्हणेल, ते त्यात आहे. ऐकताना दगडाला पाझर फुटावा. तिरडी परत येते तेव्हा चर्चचं दार बंद असतं आणि आत अंधार. आत एकच माणूस असतो. त्या दिवशी चर्च म्हणजे पाताळ आणि आतला माणूस म्हणजे त्याचा मालक, सैतान. पापा-फोटिस, आमचे पाद्री, बाहेरून दारावर थाप मारून ओरडतात, दारं उघडा, राजा आलाय. आतून सैतान विचारतो, कोण राजा? असं तीनदा. तिसऱ्यांदा पापा लाथ मारतात, आतला अडसर काढतो, साखळ्या आणि तेलाचे रिकामे डबे बडवत मागच्या दाराने पळतो, आणि पोरं त्याच्यामागे ओल्या फांद्या घेऊन धावतात. मग उचलणारे तिरडी उंबऱ्यावर उंच धरतात आणि सगळं गाव एकेक करून तिच्याखालून आत शिरतं. खालून गेलेल्याचं वर्ष सुखाचं जातं.

सैतान मात्र खालून जात नाही. तो आधीच आत असतो, आणि मग बाहेर पळालेला असतो. शिवाय गावाची समजूत अशी की ज्याने त्या वर्षी तो आवाज काढला, त्याने तिरडीखाली येऊच नये.

हे काम आमच्याकडे अर्गिरिस करायचा. दारूची पिंपं बनवणारा अर्गिरिस, झाबेताकाकूचा नवरा. लग्न झालं त्या वर्षी आधीचा सैतान वारला, तेव्हा तरुण आणि नवा संसार म्हणून अर्गिरिसला कोणी विचारलंसुद्धा नाही, नुसतं आत ढकलून दार लावलं. तेव्हापासून तोच. पोरं त्याला वर्षभर सैतानकाका म्हणायची. बाळंतिणी त्याला बघून पोराच्या कपाळावर थू थू करायच्या, आणि तोही बिचारा हसून रस्त्याच्या पलीकडे जायचा. त्याने बनवलेल्या पिंपातली दारू मात्र सगळ्यांना चालायची. सैतानाचा हात पिंपाला लागलेला चालतो, पोराला लागलेला चालत नाही. आमचा धर्म एवढा हुशार आहे.

त्या हिवाळ्यात अर्गिरिसची छाती धरली. चार पावलं चालला की भिंत धरून उभा. एके दिवशी तो पापा-फोटिसकडे गेला. मी तिथेच वाती वळत बसलो होतो.

"पापा, यंदा मला सोडा," तो म्हणाला.

"कशातून?"

"सैतानातून. मला एकदा तिरडीखालून जायचंय. लहानपणी आईने नेलं होतं म्हणतात, मला आठवत नाही. पुढल्या वर्षी असेन की नाही, कोणी सांगावं."

झाबेताकाकू बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "नवरा जिवंत असून मी दरवर्षी विधवेसारखी एकटी जाते, पापा. पुढे सून, मागे जाऊ, आणि मध्ये मी एकटी. यंदा याचा हात धरून जाईन. नाहीतर मीही जाणार नाही, बाहेरच उभी राहीन, आणि लोकांनी कारण विचारलं तर कारण सांगेन."

पापांनी दाढी खाजवली. "दुसरा कोणी तयार झाला तर माझी काही हरकत नाही," म्हणाले. पापा भला माणूस. पण पाताळ रिकामं ठेवून तिरडी आत न्यायची म्हणजे राजाने कोणाला जिंकलं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खरा होता.

मग सुरू झालं गावातल्या सज्जनांचं प्रदर्शन. ख्रिसांथोस पाववाला म्हणाला, माझं पीठ फुगायचं बंद होईल. एफ्थिमिओस मास्तर म्हणाले, ज्या गळ्याने मी देवाची स्तुती करतो तो सैतानाला कसा देऊ. टपालवाल्याची बायको गरोदर होती. गरोदर नव्हती, पण होणार होती. कोणाची होडी नवी, कोणाचा जावई नवा. एकाने सरळ सांगितलं की अर्गिरिसला सवय आहे, आता शेवटी शेवटी कशाला बदलायचं, इतकी वर्षं गेली तशी अजून एक. हे सगळे लोक रविवारी पहिल्या रांगेत उभे असतात. क्रूस करताना त्यांचे हात इतके लांब फिरतात की शेजारच्याला लागावेत.

पिंपवाला घरी जाऊन खाटेवर पडला. झाबेताकाकू मात्र पडणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या थेमिस्तोक्लीसच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मी रस्त्यावर गाढवाचा नाल बघत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"थेमिस, एक विचारू का? राहू दे. तुला जमायचं नाही."

"काय जमायचं नाही?"

"मोठ्या शुक्रवारी दाराआडून बोलायचं काम आहे. आवाज लागतो. आमच्या ह्यांची छाती बिघडली. पण ते राहू दे, तू नवीन."

"काकू, मी मेलबर्नच्या ग्रीक गायकवृंदात खर्जात गायचो." त्याने सॉसेज खाली ठेवलं. "किती लोक ऐकतात?"

"सगळं गाव. खालच्या वाडीतलेसुद्धा येतात."

"बोलायचं किती?"

"तीनदा. बाकी सगळे गप्प असतात. श्वास ऐकू येईल एवढे गप्प."

"प्रथा जुनी आहे का?"

"माझ्या आजीच्या आजीने बघितलेली."

"म्हणजे प्राचीन," थेमिस्तोक्लीस म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. दाराआडून बोलणारा कोण असतो, हे मात्र त्याने विचारलं नाही. काकूंनीही सांगितलं नाही. न विचारलेलं सांगायची त्यांना सवय नव्हती.

पापांनी मात्र प्रयत्न केला. त्याला बोलावून म्हणाले, "थेमिस्तोक्लीस, हे काम कोणाचं आहे ठाऊक आहे ना? कारण आतला जो असतो तो..."

"पापा, रंगभूमी आम्ही जगाला दिली. मला रंगभूमी शिकवू नका."

"मी रंगभूमीचं बोलत नाही. मी म्हणतोय, आत..."

"आत अंधार असेल, माहीत आहे. मी तयारी करून येतो. तुम्ही आपली थाप नीट मारा."

पापांनी माझ्याकडे बघितलं. मी वातीकडे बघितलं. ऐकून न घेणाऱ्याला किती वेळा सांगायचं, याला प्रभूनेही मर्यादा घातली असावी.

त्या दिवसापासून संध्याकाळी कर्णा घुमायला लागला. "कोण राजा?" मग खाकरणं. "को-ण राजा?" मग वरच्या पट्टीत, मग रडवेल्या सुरात. कोंबड्या खुराड्यातून बाहेर येईनात. खालच्या वाडीहून निरोप आला की तुमच्याकडे राजा हरवला असेल तर शोधायला माणसं पाठवू का. गाव सगळं जाणून होतं आणि कोणी त्याला काही बोललं नाही. एफ्थिमिओस मास्तर तर त्याला उच्चार शिकवायला गेले, आणि परत येऊन कॉफीच्या दुकानात नक्कल करून दाखवली. मला हसू आलं हे खरं, पण मास्तरांच्या तोंडून आलेलं हसू मला घशाखाली उतरवावंसं वाटलं नाही.

मोठ्या शुक्रवारी थेमिस्तोक्लीस पांढरी चादर खांद्यावरून गुंडाळून आला. डोक्यावर तमालपत्रांचं कडं. साखळ्या आणि डबे त्याला दाखवले तर म्हणाला, हा गलिच्छ प्रकार मला नको. मायक्रोफोन घेऊन आत गेला, अडसर लावला, आणि आम्ही तिरडी उचलून निघालो.

त्या दिवशी अर्गिरिस आमच्याबरोबर चालला. हे गावाने कधी बघितलं नव्हतं. धुवून आखडलेला कोट, हातात मेणबत्ती, दुसरा हात काकूच्या हातात. तो गात नव्हता, त्याला गाणं येतच नव्हतं. इतकी वर्षं हा विलाप त्याने बंद दाराआडून, लांबून येताना ऐकला होता. आज विलाप त्याच्या पुढे-मागे चालला होता. दर वळणावर तो दम खायला थांबायचा आणि आम्ही त्याच कडव्यावर घोळत राहायचो. उजव्या बाजूचे लोक घाई करायला लागले की मी डावीकडून सूर लांबवायचो. डाव्या बाजूला तेवढा अधिकार असतो.

चर्चसमोर पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मेणबत्त्या सोडल्या तर उजेड नव्हता. उचलणाऱ्यांनी तिरडी खांद्यावर सावरली. अर्गिरिस आणि झाबेताकाकू अगदी पुढे, पायरीशी उभे. पापांनी थाप मारली आणि गर्जले.

"कोण राजा?" वर घंटाघरातून आवाज कोसळला. वाडीतली कुत्री उठली. प्रामाणिकपणे सांगतो, आवाज चांगला होता.

दुसऱ्यांदा तर त्याने असा काही हेल काढला की पुढची ओळ म्हणायला पापांना वाट बघावी लागली. तिसऱ्यांदा पापांनी लाथ मारली. रिवाजाप्रमाणे पोरं ओरडली, "उघड, सैताना, उघड."

दार उघडलं नाही. कर्ण्यातून नुसतं श्वास घेणं ऐकू आलं.

"कोण सैतान?" कर्णा म्हणाला.

पोरं खिदळली. मोठी माणसं पोरांना गप्प करायच्या निमित्ताने खिदळली.

"तूच," पापा हळू आवाजात दाराच्या फटीशी म्हणाले. "मी सांगायला आलो होतो, थेमिस्तोक्लीस. अडसर काढ आता."

"मी सैतान?" हे सगळं कर्ण्यातून, खाडीपलीकडे. "मी पहारेकरी आहे. प्राचीन नगराचा पहारेकरी. मी चादर आणली. मी कडं स्वतः विणलं."

आता कोणी निमित्त शोधलं नाही. सगळं गाव तोंड उघडून हसलं. एफ्थिमिओस मास्तर तर मेणबत्ती विझेपर्यंत हसले. प्रभूची तिरडी खांद्यावर आहे, मोठा शुक्रवार आहे, आणि आमचे उजव्या बाजूचे गायक पोट धरून उभे आहेत. मला त्या वेळी आतल्या गाढवाची कीव आली नाही, पण बाहेरच्या गाढवांची शिसारी आली.

"मी उघडत नाही," कर्णा म्हणाला. "पापांनी जाहीर करावं की मी सैतान नाही. तोपर्यंत हे दार बंद."

"तसं कसं जाहीर करू? मग आम्ही हरवलं कोणाला?"

"ते तुम्ही बघा."

"आत सैतानच बसलाय म्हणायचा, नुसता आवाज नाही," ख्रिसांथोस म्हणाला. "मागच्या दाराने जाऊ या."

"प्रभू मागच्या दाराने?" पापांचा आवाज चढला. "चोर आहे का तो?"

तिरडी उचलणाऱ्यांच्या खांद्यांना कळ लागली होती. कोणी म्हणालं, खाली ठेवा. कोणी म्हणालं, खाली ठेवली तर परत उचलता येत नाही, तसा रिवाज नाही. कोणी म्हणालं, यंदा तिरडीखालून जाणं राहू दे, बाहेरूनच नमस्कार करा आणि घरी जा. तेव्हा झाबेताकाकू वळल्या. बोलणाऱ्याने आपलं वाक्य परत घेतलं.

अर्गिरिसने काकूचा हात सोडला. दोन पायऱ्या चढला, दाराला टेकला, दम खाल्ला.

"थेमिस," तो म्हणाला. "मी अर्गिरिस."

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू कोणाला बोलू देतोस?" अर्गिरिस दाराशीच खोकला. "हे बघ. हे काम अवघड नाही. हरायचं एवढंच. दरवर्षी हरायचं, एकदाही जिंकायचं नाही. पापा लाथ मारतात, आपण अडसर काढतो, पळतो. पोरं मारतात, पण फांद्या ओल्या असतात, लागत नाही. मागे भिंतीपाशी दगड आहे, तिथे बसावं. आतलं गाणं तिथवर ऐकू येतं."

"आणि मग वर्षभर?"

"वर्षभर हाक मारतात."

"सैतान म्हणून."

"सैतान म्हणून."

कर्ण्यात काहीतरी घासल्याचा आवाज आला. चादरीने नाक पुसलं असावं. "काका, मी सैतान नाही हो."

"मी तरी कुठे होतो?" अर्गिरिस म्हणाला.

मायक्रोफोन दाराच्या फटीला लागूनच होता. ते वाक्य घंटाघरावरून सगळ्या लिथारीवर पडलं आणि खालच्या वाडीपर्यंत गेलं. बाळंतिणी होत्या, थू थू करणाऱ्या होत्या, पीठवाला होता, गळेवाला होता. कोणी हसलं नाही. कोणी आपल्या मेणबत्तीचं मेण काळजीपूर्वक खरवडायला लागलं. लाज वाटली की आमच्या गावाला ताबडतोब काहीतरी बारीकसारीक काम निघतं.

"मला तिरडीखालून जायचंय," अर्गिरिस म्हणाला. "म्हणून तुला आत घातला. आता मला उभं राहवत नाही. अडसर काढ."

मग कर्णा खाकरला आणि भाषणाच्या सुरात म्हणाला, "मी हे दार माझ्या स्वतःच्या इच्छेने उघडत आहे. कोणी लाथ मारली म्हणून नाही. याची नोंद घ्यावी."

अशा वेळीसुद्धा. देवाने काही माणसांना आत्मा देताना सोबत व्यासपीठही दिलेलं असतं.

अडसर निघाला. दार उघडलं. आतल्या अंधारात पांढरी चादर एक क्षण दिसली, मग वळली, मायक्रोफोनच्या वायरीत अडकली, आणि कर्ण्यातून धडामकन आवाज आला. पोरांनी आरोळी ठोकली आणि ओल्या फांद्या घेऊन त्याच्यामागे मागच्या दाराकडे सुटली. पळताना त्याने डोक्यावरचं कडं एका हाताने धरून ठेवलं होतं.

उचलणाऱ्यांनी तिरडी उंबऱ्यावर नेली आणि हात ताणून वर धरली. आम्ही गायला सुरुवात केली. झाबेताकाकूने नवऱ्याचा हात धरला.

"वाक जरा," त्या म्हणाल्या. "फुलं पाडशील."

"अजून किती वाकू? वाकलेलाच आहे."

ते खाली शिरले आणि बरोबर मध्यावर अर्गिरिस थांबला. त्याने वर बघितलं. वर बघण्यासारखं तिथे काही नसतं, उलट्या बाजूने लाकडाच्या पट्ट्या, खिळे, सुतळीच्या गाठी. फुलं असतात ती वरून. तो पट्ट्यांकडे बघत उभा राहिला. पिंपं बनवणारा माणूस, लाकूड बघत असेल. किंवा नसेल. त्याचे ओठ हलत होते, पण दम घेत होता की काही म्हणत होता, ते मला दिसलं नाही.

मागे रांग खोळंबली. उचलणाऱ्यांचे हात थरथरायला लागले. "चला हो पुढे," ख्रिसांथोस पाववाला मागून म्हणाला. "मेण हातावर गळतंय. एकदाच जायचं असतं खालून, मुक्काम करायचा नसतो."

झाबेताकाकूंनी तिरडीखालूनच मान वळवली. "भाजू दे," त्या म्हणाल्या. "पावाला येईल कामी."

अर्गिरिस हलला नाही. एफ्थिमिओस मास्तरांनी कडवं संपवून माझ्याकडे बघितलं, पुढचं घ्यायचं का म्हणून. मी नकाराची मान हलवली आणि तेच कडवं पुन्हा धरलं.